नेमके आभार

मृदुलानं भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला सरकवला आणि जाहीर केलं, "मी हे खाणार नाही. बाई म्हणाल्या, अमेरिकेत हे जनावरांना घालतात."

'हे' म्हणजे रेशनवरचा मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा तोंडावर आला होता, पावसानं आधीच पाठ फिरवली होती आणि पिंपरीच्या हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत घरोघरी तीच लालसर, चिवट भाकरी पानात पडत होती. मोठी माणसं ती मुकाट्यानं गिळत होती, कारण मोठ्या माणसांना काही सांगायला वर्गात बाई नसतात. मृदुलाला होत्या. ती आठ वर्षांची होती आणि बाईंचं वाक्य तिला घरातल्या कोणाच्याही वाक्यापेक्षा खरं वाटत असे.

तिचे वडील नंदकिशोर बिडकर चिंचवडला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेलं काम हातात घ्यायचं, मापायचं, त्यातली चूक शोधायची आणि लाल खूण करून परत पाठवायचं, हा त्याचा धंदा. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. नंदकिशोरच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आल्यावरही त्याची नजर विश्रांती घेत नसे. आत्ता ती त्या भाकरीच्या तुकड्यावर खिळली होती.

"या एका दाण्यामागं किती लोकांचे कष्ट असतात, माहीत आहे तुला?"

"किती?" मृदुलानं विचारलं.

नंदकिशोरला आकडा माहीत नव्हता. त्यानं बायकोकडे पाहिलं. शुभदा तव्यावरची भाकरी उलटत होती आणि तिनं वर पाहायचं टाळलं.

"पुष्कळ," तो म्हणाला. "अन्नाबद्दल कृतज्ञता पाहिजे माणसाला."

"हा लहानपणी दोडक्याची भाजी खिडकीतून बाहेर टाकायचा," उद्धवरावांनी कोपऱ्यातून माहिती पुरवली. उद्धवराव म्हणजे नंदकिशोरचे वडील, निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर इतरांची पत्रं वेळेवर पोचवल्यामुळे आता आपलं बोलणंही वेळेवरच पोचलं पाहिजे, असं त्यांना वाटत असे.

नंदकिशोरनं तिकडे दुर्लक्ष केलं. त्याच्या डोक्यात एक योजना आकार घेत होती. मुलीला भाषण देऊन उपयोग नाही, प्रत्यक्ष काम द्यायला हवं. तिनं स्वतः एक बी लावावं, रोज त्याच्यापाशी शांत बसावं, लक्ष द्यावं, वाट पाहावी. म्हणजे एक दाणा तयार व्हायला काय लागतं ते कळेल, आणि मिलोही गोड लागेल. योजना चांगली होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात योजनेचा काही दोष नव्हता.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. त्या गुरुवारी शुभदा रॉकेलच्या रांगेत उभी राहायला गेली आणि नंदकिशोरनं संधी साधली. डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, त्यात माती भरली आणि डबा गॅलरीत ठेवला. त्यांची खोली तळमजल्यावर होती. गॅलरीला लागूनच अंगण, आणि अंगणात सगळ्या इमारतीचा मिळून एक नळ. ऊन, पाणी आणि माणसांची ये-जा, तिन्हींची सोय होती.

बियाणं म्हणून त्यानं स्वयंपाकघरातल्या मागच्या फळीवरच्या डब्यातला एक टपोरा पावटा काढला. दाणा जरा सावळा होता, पण टणक होता. नंदकिशोरनं तो उजेडात धरून पाहिला, नखानं टोकरून पाहिला आणि पास केला. मृदुलानं तो मातीत बोटभर खोल खोचला. जागा सापडावी म्हणून नंदकिशोरनं शेजारी काडेपेटीतली एक काडी रोवली.

"आता रोज सकाळी इथं गप्प बसायचं," त्यानं समजावून सांगितलं. "इकडं तिकडं बघायचं नाही. मातीकडं बघायचं. आणि ज्याच्यामुळं आपलं पोट भरतं, अशा एका माणसाचे मनात आभार मानायचे."

आपल्याकडे घरात आभार मानायची पद्धत नाही. आभार मानले जातात ते शाळेच्या संमेलनाच्या शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर. त्यामुळे मृदुलानं साहजिकच विचारलं, "संमेलनात मानतात तसे?"

"तसे मोघम नकोत. 'सर्वांचे आभार' म्हणजे कोणाचेच नाहीत. नाव घ्यायचं. त्यानं काय केलं ते सांगायचं. कुठल्या परिस्थितीत केलं तेही सांगायचं. आभार कसे, नेमके पाहिजेत. आणि खरे."

"मग उगवेल?"

"तू शांत बसलीस आणि मनापासून आभार मानलेस, तर उगवणारच."

"नक्की?"

"नक्की."

कंपनीत नंदकिशोरनं कुठल्याही कागदावर 'नक्की' असं कधी लिहिलं नव्हतं. तिथं तो 'तपासणीच्या वेळी योग्य आढळले' असं लिहीत असे, म्हणजे नंतर काही झालं तर ते त्याच्या अंगावर यायचं नाही. पण घरात माणूस सैल बोलतो.

सुरुवात झकास झाली. मृदुला शाळेआधी डब्यापाशी मांडी घालून बसू लागली. आधी तिनं सूर्याचे आभार मानले, मग पवना नदीचे, मग मिलो पिकवणाऱ्या अमेरिकेतल्या शेतकऱ्याचे.

"बाबा, त्याला मराठी कळेल?"

"भाषा नाही कळली तरी भाव पोचतो."

"मग भाकरी आवडत नाही, हेही पोचेल?"

नंदकिशोरला कंपनीची बस पकडायची होती, तो निघाला. पण संध्याकाळी मृदुलानं भाकरी कुरकुर न करता खाल्ली. त्यानं उद्धवरावांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. उद्धवरावांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

बी मात्र उगवेना. शेजारच्या कुंडीत टाकलेल्या ओव्याला पानं आली, अंगणातल्या भेगेतसुद्धा कसलं तरी गवत डोकावलं, पण काडीशेजारची माती जशीच्या तशी. मृदुलाचा चेहरा रोज थोडा थोडा लहान होत गेला. एका सकाळी तिनं बुटाची नाडी बांधत असलेल्या वडिलांना गाठलं.

"बाबा, का येत नाही?"

नंदकिशोरनं सवयीनं एकेक कारण खोडून काढलं. "पाणी घालतेस? ऊन लागतं? माती भुसभुशीत आहे? मग एकच गोष्ट उरली. आभार मनापासून मानतेस ना?"

हे तो घड्याळाकडे पाहत, अगदी सहज बोलून गेला आणि बस पकडून कामाला निघूनही गेला. दुपारपर्यंत आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. मृदुलाच्या मनात मात्र ते रुतून बसलं. मन आपलंच, आभारही आपलेच; मग त्यात खोट असेल तर ती शोधायची कशी? तिनं खूप विचार केला आणि तिला वाटलं, मनातल्या मनात मानलेले आभार त्या माणसाला ऐकूच जात नाहीत, म्हणून ते मोघम राहतात. तोंडावर जाऊन मानायला हवेत. नाव घेऊन, परिस्थितीसकट.

पहिला नंबर ज्योतीरामचा लागला. ज्योतीराम शेजारच्या खोलीत राहायचा, मूळचा लातूरकडचा, नंदकिशोरच्याच कंपनीत लेथ मशीनवर. सकाळी नळाला पाणी आलं होतं आणि सगळी इमारत बादल्या घेऊन उभी होती.

मृदुलानं हात जोडले. "ज्योतीरामकाका, तुम्ही रोज आमची बादली नळाखाली सरकवता. आजोबा म्हणतात, तुम्ही आधी तुमच्या दोन जास्तीच्या भरून घेता आणि मग सरकवता. पण सरकवता. त्याबद्दल तुमची आभारी आहे."

ज्योतीराम हातातल्या बादलीकडे असा बघत राहिला, जणू ती त्याची नव्हेच. "लेकरा, जास्तीच्या कामून असतील? एक प्यायची, एक वापरायची," तो म्हणाला. पण आजवर कुणाच्या लक्षात न आलेल्या दोन बादल्या आता सगळ्यांना लख्ख दिसू लागल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून घरटी एकेक बादली, मग पुन्हा पहिल्यापासून, असा नियम झाला. ज्योतीराम उद्धवरावांशी बोलेनासा झाला, आणि उद्धवराव म्हणू लागले की पोरीला जरा आवरा.

पण बी अजून उगवलं नव्हतं. म्हणजे आभार कमी पडत होते. मृदुलानं सोजराबाईंना गाठलं.

सोजराबाई पिंपळे सौदागरहून डोक्यावर दुधाची किटली घेऊन चालत येत. गावात गवत नव्हतं, म्हशी हाडकल्या होत्या, तरी त्यांचं दूध वेळेवर दारात असे.

"सोजराबाई, इतक्या दुष्काळात तुम्ही आम्हाला दूध देता. आई म्हणते, अर्धं पाणीच असतं. पण बाबा म्हणाले, पवनेला यंदा पाणी नाही, तर ते पाणीसुद्धा तुम्हाला लांबून आणावं लागत असेल. त्याबद्दल तुमची आभारी आहे."

सोजराबाईंनी माप किटलीत परत टाकलं. "व्हय? आन् तुज्या आईला सांग, हितं पाणी लई महाग हाय, ते मी फुकाट घालनार न्हाई. आनि उद्याच्यानं दूद बी घालनार न्हाई." त्यांनी किटली डोक्यावर घेतली. शुभदा पदर खोचत बाहेर धावली, पण तोवर सोजराबाई नळाच्या पलीकडे पोचल्या होत्या.

अशा रीतीनं बिडकरांच्या घरी कोरा चहा सुरू झाला. आणि कोरा चहा सुरू असतानाच, गुरुवारी संध्याकाळी, दौलतरावसाहेब आले.

दौलतराव म्हणजे नंदकिशोरचे खातेप्रमुख. ते कधी कोणाच्या घरी जात नसत. मोठी ऑर्डर निघायची होती, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जादा माणसं लागणार होती, म्हणून ते स्वतः स्कूटर घेऊन सांगायला आले होते. नंदकिशोरनं घरातली एकमेव खुर्ची झटकून दिली. शुभदानं चहा आणला. साहेबांनी कपात पाहिलं.

"दूध नाही वाटतं?"

"दुधाची जरा अडचण आहे, साहेब," नंदकिशोर म्हणाला.

"सोजराबाई रागावल्या," मृदुलानं खुलासा केला. "मी त्यांचे आभार मानले म्हणून."

साहेबांना गंमत वाटली. ते शहाण्या मुलांचं कौतुक करणाऱ्यांपैकी होते. "असं? मग आमचेही मान की आभार."

नंदकिशोर म्हणाला, "मृदुला, बाहेर जाऊन खेळ बघू." पण मृदुलानं हात जोडलेले होते. असा स्वतःहून मागणारा माणूस तिला प्रथमच भेटला होता.

"साहेब, हा माझा फ्रॉक तुमच्यामुळे आला. बाबा म्हणतात, तुम्हाला मायक्रोमीटर नीट वाचता येत नाही, म्हणून सगळा माल बाबांना परत तपासावा लागतो. त्याचा ओव्हरटाइम मिळतो. त्याच ओव्हरटाइममधून आईनं फ्रॉकाचं कापड आणलं. त्याबद्दल तुमची आभारी आहे."

शेजारी ज्योतीरामच्या घरातली फोडणी खोलीत स्पष्ट ऐकू आली. शुभदा आत गेली. उद्धवरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. ते उलटं होतं. साहेबांनी कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, रुमालानं ओठ टिपले आणि विचारलं, "हे आभार तू कशासाठी मानतेस, बाळ?"

"माझं बी उगवावं म्हणून. मनापासून मानले की उगवतं."

साहेब उठले, गॅलरीत गेले, डब्याकडे आणि त्यातल्या काडीकडे थोडा वेळ बघत राहिले. स्कूटरला किक मारण्यापूर्वी ते नंदकिशोरला हळू आवाजात म्हणाले, "बिडकर, ते बी जरा लवकर उगवेल असं बघा. कंपनीत अजून बरीच माणसं आहेत."

नंदकिशोर तावातावानं आत आला. मुलीला आज चांगलं फैलावर घ्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण स्वयंपाकघराच्या दाराशीच तो थांबला. मृदुला आईच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, "आई, मी नेमके मानले, परिस्थितीसकट मानले. आता मनापासून आणखी कसं मानायचं? माझं मनच खोटं आहे का गं?"

हे ऐकून नंदकिशोरचा सगळा ताव उतरला. आपण बुटाची नाडी बांधताना काय बोललो होतो, ते त्याला तेव्हा आठवलं. मुलगी आत जाऊन पडल्यावर शुभदानं त्याला विचारलं, "बी कुठल्या डब्यातलं घेतलं होतं?"

"मागच्या फळीवरच्या."

शुभदानं कपाळावर हात ठेवला. "अहो, ते पावटे मी भाजून ठेवलेत. भुंगा लागू नये म्हणून. आमच्याकडे सगळी कडधान्यं तशीच ठेवतात. भाजलेलं बी कधी उगवतं का?"

नंदकिशोर खाली बसला. खात्यात अशा प्रसंगाला एक ठरलेलं वाक्य होतं: काम बरोबर, मूळ मालच सदोष. हे वाक्य त्यानं कितीदा लिहिलं असेल. पण माल पास करणारा माणूस तोच होता.

"तिला सांगा," शुभदा म्हणाली. "तुम्हीच सांगायला हवं. मनापासून मानतेस का, असं तुम्ही विचारलंत तिला."

"सांगतो. उद्या सांगतो."

उद्या बस लवकर होती. परवा ओव्हरटाइम होता. दुसऱ्याची चूक माणूस चालत्या गाडीतूनही सांगू शकतो. स्वतःची सांगायला त्याला निवांत वेळ लागतो, आणि तो काही केल्या मिळत नाही. शेवटी नंदकिशोरनं एक पळवाट काढली. पिंपरी कॅम्पातून त्यानं न भाजलेले पावटे आणले, सगळे झोपेत असताना काडीशेजारचं जुनं बी काढलं आणि नवं खोचलं. उगवलं की झालं. मग सांगायचं कारणच उरणार नाही.

इथवर ठीक होतं. पण माल आत टाकून त्याच्याकडे बघायचं नाही, हे इन्स्पेक्शनच्या माणसाला कसं जमणार? रोज सकाळी, सगळे उठण्यापूर्वी, तो ते बी उकरून काढी, बोटांत धरून बघी आणि पुन्हा पुरी. एकदा त्याला इवलासा पांढरा कोंब दिसला. त्याला इतका आनंद झाला की तो नीट पाहण्यासाठी त्यानं बी चष्म्यापाशी नेलं आणि कोंब त्याच्या अंगठ्याखाली तुटला. त्यानं दुसरं बी लावलं. तेही रोज तपासलं.

इकडे मृदुला बदलली होती. साहेब येऊन गेल्यानंतर ती कोणाचे आभार मानायला गेली नाही. सकाळी आणि संध्याकाळी नुसती डब्यापाशी बसे, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. ती बोलत होती तेव्हा लोक तिला बघून वाट वाकडी करत होते. ती गप्प बसली तेव्हा त्यांना चैन पडेना. नळावर उभं राहिलं की ती समोरच दिसे, आणि बादली भरेपर्यंत दुसरीकडे बघायला जागा नसे.

ज्योतीरामला वाटलं, लेकरू खोटं तर बोललं नव्हतं. त्यानं गावाकडून आलेल्या पिशवीतले मक्याचे दाणे कनवटीला लावले आणि पाणी भरता भरता डब्यात, कडेला, खोचून टाकले. काडीजवळ नाही, ती जागा पोरीची. वर बादलीतलं ओंजळभर पाणी घातलं, आणि त्या दिवसांत ओंजळभर पाणी कोणी उगाच घालत नव्हतं. सोजराबाई दुधाचा रतीब पुन्हा सुरू करायला म्हणून आल्या. दूध जरा घट्ट होतं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण जाताना वाकून चप्पल नीट करताहेत असं दाखवत त्यांनी भोपळ्याच्या बिया मातीत सारल्या. उद्धवरावांनी दुपारी सगळे झोपले असताना शुभदाच्या फोडणीच्या डब्यातली चिमूटभर मेथी उचलली. आणि दौलतरावसाहेबांनी कंपनीत ज्योतीरामच्या मशीनपाशी येऊन, कामाचं काही सांगत असल्यासारखं करत, त्याच्या हातावर बंगल्यातल्या झेंडूचं वाळलेलं फूल ठेवलं. "यातलं बी. तिकडे त्या डब्यात. कुणाला बोलू नका." ज्योतीराम बोलला नाही. आपलंही बी तिथंच आहे, हेही बोलला नाही.

प्रत्येकानं आपलं काम चोरून केलं होतं, त्यामुळे पुन्हा जाऊन उकरून बघायची कोणाचीच हिंमत नव्हती. त्या बियांना दुसरं काही नको होतं. कोंब आले ते गवत म्हणून कोणाच्या नजरेत भरले नाहीत; मृदुला आणि नंदकिशोर यांना तर काडीपलीकडचं काही दिसतच नव्हतं.

गुरुवारी सकाळी शुभदानं अंगण झाडायला दार उघडलं आणि ती उभीच राहिली. डालड्याचा डबा हिरवागार झाला होता. मेथी दाटीवाटीनं वर आली होती, मक्याची पानं भाल्यासारखी उभी होती, भोपळ्यानं आपली जाड दोन पानं डब्याच्या काठावर टेकवली होती आणि मधून मधून झेंडूची कातरलेली पानं दिसत होती. पाणी भरायला आलेली माणसं गॅलरीशी गोळा झाली.

"आता काय म्हनावं याला," ज्योतीराम म्हणाला. "पेरलं एक, निघालं भलतंच."

"मातीत असतंच आधीचं काहीबाही," उद्धवरावांनी त्याला दुजोरा दिला. बादल्यांच्या भांडणानंतर ते दोघं प्रथमच एकमेकांशी बोलत होते.

"बी उगवलं म्हनायचं की पोरीचं," सोजराबाई म्हणाल्या. "लई चांगलं झालं."

मृदुला डोळे चोळत बाहेर आली. सगळे बाजूला झाले. तिनं वाकून एकेक रोप पाहिलं, हसलीसुद्धा थोडी. मग तिनं काडीकडे पाहिलं. काडीभोवती रुपयाएवढी माती उघडी होती आणि अगदी आताच कोणीतरी बोट घातल्यासारखी मोकळी दिसत होती.

"छान आहेत," ती म्हणाली. "पण ही माझी नाहीत. माझं तिथं आहे." आणि ती नेहमीसारखी डब्यापाशी बसली.

ज्योतीरामनं बादली उचलली. सोजराबाईंना आठवलं की अजून पुष्कळ घरं बाकी आहेत. बघता बघता अंगण रिकामं झालं. उद्धवराव आत जाता जाता मुलापाशी थांबले. "नंदू, बोट धुऊन घे. माती लागलीय," ते म्हणाले आणि गेले.

नंदकिशोर तिथं उभा राहिला. आज बस नव्हती, ओव्हरटाइम नव्हता. अवघ्या डब्यात ज्या एका बियावर त्याची नजर होती, तेवढंच मेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"मृदुला, ते बी उगवायचं नाही."

ती मातीकडे पाहत राहिली.

"ते भाजलेलं होतं. मी आईला न विचारता उचललं. नंतर मला कळलं, तर तुला सांगायचं सोडून गुपचूप दुसरं लावलं. तेही रोज उकरून बघितलं, म्हणून तेही गेलं. चूक माझी आहे, सगळी. तुझे आभार खरे होते. ते मनापासून आहेत का, असं मी तुला विचारायलाच नको होतं." शब्द साधेच होते, पण ते गोळा करायला त्याला कितीतरी दिवस लागले होते.

"भाजलेलं होतं, ते मला माहीत आहे," मृदुला म्हणाली. "आईनं सांगितलं."

"कधी?"

"साहेब आले होते ना, त्याच रात्री."

नंदकिशोरनं दाराकडे पाहिलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मग रोज इथं कशाची वाट बघत बसायचीस?"

"तुमची," मृदुला म्हणाली. "आई म्हणाली, बी यायचं नाही, पण बाबा येतील सांगायला. आजोबा म्हणाले, तो यायचा नाही. मी म्हटलं, बसून बघते."

मग ती उभी राहिली. फ्रॉक झटकून सरळ केला, हात जोडले.

"बाबा, माझं मन खोटं नाही, हे आईनं सांगितलं तरी तुम्ही सांगेपर्यंत मला खरं वाटत नव्हतं. तुम्ही फार उशीर केलात. पण आलात. त्याबद्दल तुमची आभारी आहे."

हे तिनं नेहमीसारखंच, नळापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं. आणि नंदकिशोरनं, त्यात एकही दुरुस्ती न सुचवता, ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.